चार घरची पोथी

तिचं वय 1650 च्या पुढे गेलं आहे. अंगानं ती थोराड. उंची 38 सेंटिमीटर, रुंदी त्याहून चारेक सेंटिमीटर कमी, त्यामुळे उघडली की टेबल व्यापते. वासरांच्या आणि मेंढ्यांच्या कातड्याचं पातळ चर्मपत्र, त्यावर तपकिरी पडलेली शाई आणि प्रत्येक पृष्ठावर चार उभे रकाने. एका रकान्यात 48 ओळी. स्तोत्रसंहितेसारख्या काव्यग्रंथांपुरते तिनं दोनच रकाने ठेवले आहेत. बाकी सगळीकडे चार, म्हणजे समोरासमोरची दोन पृष्ठं उघडली की आठ रकाने एका नजरेत येतात. अक्षरं ग्रीक, मोठी, गोल आणि ताठ, एकाला एक लागून बसलेली. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं तुरळक. देव, प्रभू, येशू हे शब्द पूर्ण लिहायचे नाहीत, दोन-तीन अक्षरांत आटोपून डोक्यावर आडवी रेघ ओढायची, हा तेव्हाच्या ख्रिस्ती लेखनिकांचा शिरस्ता. तो ती इमानानं पाळते. शिरोरेषेची सवय असलेल्या मराठी डोळ्याला त्या रेघाच आधी दिसतात.

विद्वानांमध्ये तिचं नाव कोडेक्स सिनायटिकस. इजिप्तमध्ये सीनाय पर्वताच्या पायथ्याशी सेंट कॅथरीनचा मठ आहे, सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियननं बांधलेला. त्या मठात ती अनेक शतकं राहिली, म्हणून हे नाव. मी तिला सीनायची पोथी म्हणतो. पोथी म्हटलं तरी ती सुट्या पानांची नाही. चर्मपत्राचे चार ताव एकात एक दुमडले की आठ पानांचा जुडगा होतो, आणि असे जुडगे शिवून तिचं पुस्तक झालेलं आहे. चौथ्या शतकाच्या मध्यावर, गुंडाळ्या अजून वापरात असताना, एवढं अवजड पुस्तक शिवायला घेणं हे धाडसाचं काम होतं. मूळची पानं 700 हून अधिक असावीत, म्हणजे शेकडो जनावरांची कातडी तिच्यात गेली. आज उरली आहेत 400 हून थोडी जास्त. जुन्या कराराचा बराच भाग हरवला, पण नवा करार अख्खा शाबूत आहे, आणि अख्खा नवा करार असलेली याहून जुनी प्रत जगात नाही. शेवटी आणखी दोन ग्रंथ आहेत: बर्णबाचं पत्र आणि हर्मासच्या ‘मेंढपाळ’ या ग्रंथाचा काही भाग. त्या काळच्या काही मंडळ्यांमध्ये हे ग्रंथ आदरानं वाचले जात, पुढे ते बायबलच्या बाहेर राहिले. कोणते ग्रंथ आत आणि कोणते बाहेर याची सीमा ठरत असतानाच्या दिवसांतली ही पोथी आहे.

मला ती भावते ती तिच्या चुकांमुळे.

उरलेल्या पानांवर सुमारे 23,000 दुरुस्त्या आहेत, म्हणजे पृष्ठागणिक तीसेक. तिच्याइतकी तपासलेली, खोडलेली, सुधारलेली दुसरी जुनी पोथी सांगणं कठीण. 1938 साली मिल्न आणि स्कीट या दोन अभ्यासकांनी अक्षरांची वळणं तपासून तिचे तीन लेखनिक ओळखले. चौथाही होता, असं आता बरेच जण मानतात. त्यांची नावं कोणालाच ठाऊक नाहीत, रोमन अक्षरांनीच त्यांना ओळखतात. पण स्वभाव मात्र कळतात. ‘डी’ नेटका आणि सावध. ‘ए’च्या वाट्याला सगळ्यात जास्त पानं. ‘बी’चं शुद्धलेखन कच्चं, सारख्या उच्चाराच्या स्वरांची तो सर्रास अदलाबदल करतो. ऱ्हस्व-दीर्घानं छळलेल्या कोणालाही त्याच्याविषयी आपुलकी वाटेल, आणि ग्रीक उच्चारांच्या अभ्यासकांना तर तो फार मोलाचा, कारण त्या काळी बोलताना कोणते स्वर एक झाले होते ते त्याच्याच चुकांवरून समजतं.

एक चूक जवळून बघू. लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आहे. लुटारूंनी झोडपून रस्त्यात टाकलेला माणूस. आधी याजक येतो, बघतो आणि दुसऱ्या बाजूनं निघून जातो. मग लेवी येतो, तोही बघतो आणि तसाच निघून जातो. मग शोमरोनी येतो आणि थांबतो. याजकाचं वचन आणि लेवीचं वचन ग्रीकमध्ये एकाच क्रियापदावर संपतं. आपल्या लेखनिकानं याजकाचं वचन उतरवलं, नजर पुन्हा मूळ प्रतीकडे वळवली आणि ती दुसऱ्या क्रियापदावर पडली. लेवी गळाला. याजकानंतर थेट शोमरोनी. 32 वं वचन पुढच्या दुरुस्ती करणाऱ्यानं घातलं. नकलून काढण्याचं काम ज्यानं कधी केलं असेल त्याला ही चूक लगेच कळेल. ती आळशी माणसाची नाही. तासन्‌तास मान मोडून बसलेल्या माणसाचे डोळे थकले की ती होते. त्या थकव्याचा पुरावा सोळा शतकांनंतरही पानावर आहे.

दुरुस्ती करणारे अनेक होते. काही लिहिणाऱ्यांच्याच काळातले, काही त्यानंतर दोन-तीनशे वर्षांनी आलेले. त्यांतल्या एकानं एस्तेरच्या पुस्तकाच्या शेवटी एक टीप लिहून ठेवली आहे. तिचा आशय असा, की ही प्रत फार जुन्या एका प्रतीशी ताडून पाहिली. ती जुनी प्रत हुतात्मा पंफिलस यानं तुरुंगात असताना स्वतःच्या हातानं शुद्ध केलेली होती, आणि ताडून पाहायला त्याच्या सोबत अँटोनिनस नावाचा बंदी होता. पंफिलस हा पॅलेस्टाइनमधल्या कैसरियाचा विद्वान, ख्रिस्ती पंडित ओरिजेनच्या ग्रंथसंग्रहाचा सांभाळ करणारा. रोमन छळाच्या काळात, 310 च्या आसपास, त्याचा शिरच्छेद झाला. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, त्यामुळे पाठशुद्धीला लोक किती जीव लावतात हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. पण मरणाची वाट पाहत कोठडीत बसून दोघांनी एकेक ओळ ताडायची, ही निष्ठा वाचून माझे हात आपोआप जोडले जातात.

अशी ही पोथी आज चार ठिकाणी आहे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत 347 पानं, लाइपझिग विद्यापीठाच्या ग्रंथालयात 43, सीनायच्या मठात 12 आणि काही तुकडे, आणि सेंट पीटर्सबर्गच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणखी काही तुकडे. एखाद्या घरातल्या वडिलोपार्जित भांड्यांची वाटणी व्हावी आणि डबा एकाकडे, झाकण दुसऱ्याकडे जावं, तसं तिचं झालं आहे.

या वाटणीची सुरुवात 1844 ची. कॉन्स्टंटीन फॉन टिशेनडॉर्फ हा तिशीही न गाठलेला जर्मन विद्वान मठात आला. पुढे त्यानं लिहिलं, की जाळण्यासाठी ठेवलेल्या चर्मपत्रांच्या टोपलीत आपल्याला ही पानं दिसली. त्यांतली 43 पानं घेऊन तो लाइपझिगला गेला. मठाला ही टोपलीची गोष्ट मान्य नाही, आणि मला मठाचं म्हणणं पटतं. चर्मपत्र धड जळत नाही, आणि त्या वाळवंटात तेरा शतकं पुस्तकं सांभाळणारे लोक त्याच पुस्तकांच्या पानांनी चूल पेटवत होते, हे गळी उतरत नाही. टिशेनडॉर्फ 1853 मध्ये पुन्हा गेला आणि हात हलवत परतला. 1859 मध्ये तो रशियाच्या झार अलेक्झांडर दुसरा याच्या आश्रयानं तिसऱ्यांदा गेला. त्या खेपेला मठाच्या कारभाऱ्यानं आपल्या खोलीत तांबड्या कापडात गुंडाळून ठेवलेली पोथी त्याच्यापुढे ठेवली. आधी ती नकलून घेण्यासाठी कैरोला आणली गेली, मग छापण्यासाठी सेंट पीटर्सबर्गला. जाताना टिशेनडॉर्फनं पावती लिहून दिली: मठानं मागताच पोथी जशीच्या तशी परत करीन.

1862 मध्ये त्यानं खास टाइप पाडून ती चार खंडांत छापली. जन्मभराचं काम होतं ते, आणि उत्तम झालं होतं. ज्ञानावरच्या त्याच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. पोथी मात्र परत गेली नाही. 1869 मध्ये मठाच्या वतीनं दानपत्रावर सह्या झाल्या आणि मठाला 9,000 रूबल मिळाले. ते दान किती मनापासूनचं आणि किती नाइलाजाचं, यावर आजही एकमत नाही.

पुढचा प्रवास पैशाचा. 1933 मध्ये स्टालिनच्या सरकारला परकीय चलन हवं होतं. 1,00,000 पौंडांना सौदा ठरला आणि डिसेंबर संपता संपता पोथी ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचली. ऐन मंदीतही त्या रकमेचा मोठा वाटा लोकवर्गणीतून उभा राहिला, आणि तिला पाहायला लोकांनी रांगा लावल्या. डग्लस कॉकरेल या निष्णात बांधणीकारानं तिची नव्यानं बांधणी केली.

मठाकडे तेव्हा काहीच उरलं नव्हतं, निदान तसं वाटत होतं. 1975 मध्ये मठाच्या उत्तरेकडच्या भिंतीतल्या एका खोलीत राडारोड्याखाली हस्तलिखितांचा मोठा साठा निघाला आणि त्यात या पोथीची 12 पानं होती. 2009 मध्ये त्याच मठात एका अभ्यासकाला दुसऱ्याच एका जुन्या पुस्तकाच्या बांधणीत चिकटवलेला तिचा तुकडा दिसला, यहोशवाच्या पहिल्या अध्यायातला. अठराव्या शतकात बांधणीच्या पुठ्ठ्यासाठी कोणीतरी तो वापरला होता. 2009 चं ते साल तिच्यासाठी आणखी एका कारणानं मोठं ठरलं.

चारही घरांनी 2005 मध्ये करार केला. पोथी जिथे आहे तिथेच राहील, पण तिची प्रत्येक उरलेली पट्टी टिपून, तपासून, अक्षर न्‌ अक्षर उतरवून एकत्र ठेवायची आणि जगाला खुली करायची. जुलै 2008 मध्ये पहिला भाग इंटरनेटवर आला आणि 6 जुलै 2009 रोजी सगळी उरलेली पोथी. लाइपझिगचं पान संपलं की लंडनचं सुरू होतं, मधे सीनायचं येतं. टिशेनडॉर्फ टोपलीची ती कहाणी घेऊन परतल्यानंतर 165 वर्षांनी ती पानं पुन्हा आपापल्या क्रमानं लागली.

हे काम नुसतं फोटो काढण्याचं नव्हतं. आधी संवर्धकांनी प्रत्येक पान हातात घेऊन त्याची तब्येत लिहून काढली: सुरकुती कुठे, भोक कुठे, शाईचे पोपडे कुठे निघालेत, शिवणीची जागा कशी आहे. चर्मपत्राच्या दोन बाजू सारख्या नसतात. केसांकडची बाजू पिवळसर असते आणि शाई धरून ठेवते. मांसाकडची पांढरी असते आणि तिच्यावरून शाई लवकर सुटते. मग प्रत्येक पृष्ठाची दोन प्रकारच्या उजेडात छायाचित्रं घेतली. एक नेहमीच्या, समोरून पडणाऱ्या उजेडात. दुसरं कडेनं तिरपा उजेड टाकून. हा दुसरा उजेड मला फार आवडतो. त्यात शाई मागे पडते आणि कातडं पुढे येतं. लेखनिकानं लिहिण्याआधी बोथट टोकानं आखलेल्या रेघा, त्या सरळ याव्यात म्हणून कडेला टोचलेली भोकं, पानाचे उंचसखल भाग, सगळं उठून दिसतं. लिहायला बसण्याआधीची तयारी बघायला मिळते.

त्यानंतरचं काम सगळ्यात किचकट, मजकूर उतरवण्याचं. ते इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या अभ्यासकांनी केलं. पानावरच्या ओळी जशा तुटतात तशाच तोडायच्या, लेखनिकाची चूक चूक म्हणूनच ठेवायची आणि कुठल्या हातानं ती कधी सुधारली ते स्तरांनुसार नोंदवायचं. शिवाय प्रत्येक शब्द चित्रातल्या त्याच शब्दाला जोडलेला. उतरवलेल्या मजकुरातला शब्द निवडला की पानावर तो नेमका कुठे आहे ते दिसतं. छापील आवृत्तीत पाठभेद पानाच्या तळाशी बारीक टाइपात खुणांच्या भाषेत दिलेले असतात आणि त्या खुणा शिकायलाच महिने जातात. इथे दुरुस्ती जिथे झाली तिथेच समोर येते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे संपादकावर आंधळा विश्वास ठेवावा लागत नाही. त्यानं अमुक वाचलं, तर चित्र शेजारीच आहे. आपण बघावं आणि पटलं नाही तर वाद घालावा. उतरवलेला मजकूरही व्यापारी नसलेल्या वापरासाठी खुला ठेवला आहे.

मुक्ती मिशनमध्ये, केडगावला, पंडिता रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या, त्या काळात ही पोथी सेंट पीटर्सबर्गमध्ये होती. तिचं दर्शन घ्यायचं तर रशिया गाठायचा, नाहीतर किर्सॉप लेक आणि हेलेन लेक यांनी काढलेल्या छायाचित्रांचे महागडे खंड मिळवायचे. नव्या कराराचा खंड 1911 ला निघाला, जुन्याचा 1922 ला, म्हणजे रमाबाई वारल्या त्या वर्षी. मुळाकडे जाण्याची एवढी ओढ असलेली ती बाई, आणि मूळ पान आज दौंडजवळच्या एखाद्या मुलीच्या फोनवर उघडतं. हा फरक मला फार मोठा वाटतो.

तरी चित्रात सगळं येत नाही. योहानाच्या शेवटच्या पानाचं उदाहरण घ्या. टिशेनडॉर्फला शंका होती, की 21 व्या अध्यायाचं शेवटचं, 25 वं वचन इथे नंतर आलं असावं. पोथी लंडनला आल्यावर मिल्न आणि स्कीट यांनी ते पान अतिनील किरणांखाली धरलं, आणि लपलेली हकीकत वर आली. लेखनिकानं 24 व्या वचनावरच शुभवर्तमान संपवलं होतं, खाली समाप्तीची नक्षी काढून ग्रंथाचं नावही लिहिलं होतं. मग त्यानंच ते सगळं धुऊन काढलं, 25 वं वचन लिहिलं आणि खाली नक्षी पुन्हा काढली. नेहमीच्या उजेडातल्या चित्राकडे पाहून ही गोष्ट कळत नाही. त्यासाठी खरं कातडं आणि वेगळा उजेड लागतो. म्हणून चित्रं झाली, आता मूळ वस्तू पेटीत बंद करून टाका, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. उद्या आणखी वेगळा उजेड येईल आणि तो याच चर्मपत्राला नवे प्रश्न विचारील.

रंगांचंही तसंच. चार ठिकाणी, वेगवेगळ्या व्यवस्थेत छायाचित्रं घेतल्यामुळे लाइपझिगची पानं पांढरी आणि लंडनची पिवळट दिसतात. तेवढ्यावरून काहींनी पोथी खोटी असल्याची हाकाटी केली आणि 1862 मधला सिमोनिडिसचा जुना दावा उकरून काढला. हस्तलिखितांच्या बनावटीसाठी कुप्रसिद्ध असलेल्या या ग्रीक माणसानं, ही पोथी तरुणपणी आपणच लिहिली, असं जाहीर केलं होतं. पण मठाच्या बंद खोलीत राडारोड्याखाली गाडल्या गेलेल्या 12 पानांनी त्या दाव्यात काही उरू दिलं नाही. खुल्या वस्तूवर कोणीही काहीही बोलतं, हे खरं. ती खुली आहे म्हणून त्याला उत्तरही कोणालाही देता येतं.

आणि चित्रं अमर असतात हाही गैरसमज नको. ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि त्या ग्रंथालयानं वर्षानुवर्षं खपून इंटरनेटवर ठेवलेली असंख्य हस्तलिखितं कित्येक महिने पाहता येईनात. चर्मपत्राला कोरडी हवा आणि अंधार दिला की ते शतकानुशतकं गप टिकतं. डिजिटल प्रतीला रोज जागता पहारा लागतो, वीज लागते, पगार लागतात आणि दर काही वर्षांनी नव्या साच्यात हलवावं लागतं. त्या खर्चाची तरतूद करणं हेही संवर्धनच आहे. ते जो विसरतो तो अर्धंच काम करतो.

पावतीचा प्रश्नही चित्रांनी सुटलेला नाही. 1844 ते 1869 या काळात नेमकं काय घडलं ते पूर्ण माहीत नाही आणि त्याचे वेगवेगळे अर्थ लावले जातात, एवढं चारही संस्थांनी मिळून, एका निवेदनात मान्य केलं. भांडणाऱ्या चौघांनी एका कागदावर एवढं लिहिलं, हे मला थोडं वाटत नाही. पण माझं मत विचाराल तर ते पावतीच्या बाजूचं आहे. परत करीन म्हणून लिहून नेलेली वस्तू परत करायची असते, आणि सगळ्या जगाला चित्र दिलं म्हणून ते देणं फिटत नाही. ही दोन्ही वाक्यं एकत्र खरी आहेत: पोथी जगाला खुली करणं हे आपल्या काळातलं एक अतिशय चांगलं काम झालं, आणि मठाचा हक्क तिथेच उभा आहे.

तुमच्या घरी मराठी बायबल असेल तर मार्कचा 16 वा अध्याय काढा. काही आवृत्त्यांमध्ये 8 व्या वचनानंतर कंस किंवा तळटीप दिसेल, की पुढची 9 ते 20 ही वचनं काही जुन्या प्रतींमध्ये नाहीत. त्या जुन्या प्रतींपैकी एक हीच. तिचं ते पान इंटरनेटवर उघडून पाहा. रिकाम्या कबरीपासून स्त्रिया घाबरून पळाल्या, इथे मार्क थांबतो. दुसऱ्या रकान्यात शेवटच्या थोड्या ओळी, खाली नक्षी आणि शुभवर्तमानाचं नाव, आणि तिसऱ्या रकान्यापासून लूक सुरू. हा ताव पहिल्या लेखनिकाचा नाही. त्याचा ताव काढून टाकून तिथे दुसरा घातला आहे आणि तो नेटक्या ‘डी’नं लिहिला आहे. का, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. पान पाहून तुम्हीही आपलं मत बनवू शकता. ग्रीक येत नसलं तरी अडत नाही, आणि पैसेही लागत नाहीत. मार्क, अध्याय 16, वचन 8 एवढं निवडलं की ते पान समोर येतं.